आधी हात, मग आकडा

काउंटर-स्ट्राइक खेळून पोट भरणारे व्यावसायिक खेळाडू जगभर आहेत. त्यांतल्या बहुतेकांचा माऊस ४०० किंवा ८०० डीपीआयवर लावलेला असतो. हाच माऊस २५-३० हजार डीपीआयपर्यंत जाऊ शकतो, आणि खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा तोच असतो. म्हणजे ज्यांची मिळकत नेमावर अवलंबून आहे, ती माणसं या आकड्याचा तिसावा हिस्साही वापरत नाहीत. आपल्याकडे मात्र दुकानात गेलेला पोरगा पहिला प्रश्न विचारतो, "डीपीआय किती?" आणि दुकानदारही त्याच आकड्याच्या उतरंडीने तीन खोके काउंटरवर मांडतो.

डीपीआय म्हणजे काय, ते एकदा नीट पाहून घेऊ. माऊस एक इंच सरकला की तो संगणकाला किती पावलं सरकल्याचं कळवतो, याचा हा आकडा. ८०० डीपीआयला एका इंचात ८०० पावलं. आपला नेहमीचा पडदा १९२० बिंदू रुंद असतो, तेव्हा बाण एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न्यायला माऊस साधारण अडीच इंच, म्हणजे सहा सेंटिमीटर सरकवावा लागतो. तोच माऊस २६ हजारांवर ठेवला तर अख्खा पडदा दोन मिलिमीटरच्या आत संपतो. श्वास घेताना हलणाऱ्या मनगटानेही बाण भरकटेल. एवढा मोठा आकडा छापता येतो म्हणून छापलेला आहे.

खेळात शिरल्यावर हिशेबात आणखी एक गुणक येतो, सेन्सिटिव्हिटीचा. काउंटर-स्ट्राइकमध्ये सेन्सिटिव्हिटी १ असेल तर माऊसच्या प्रत्येक पावलाला तुमची नजर ०.०२२ अंश वळते. ८०० डीपीआयला एका इंचात १७.६ अंश झाले, आणि स्वतःभोवती पूर्ण गिरकी घ्यायला साडेवीस इंच, म्हणजे ५२ सेंटिमीटर लागले. ४०० डीपीआय आणि सेन्सिटिव्हिटी २ ठेवली तरी उत्तर तेच येतं. व्हॅलोरंटमध्ये एका पावलाचे ०.०७ अंश होतात, म्हणून तिकडे जाताना काउंटर-स्ट्राइकच्या सेन्सिटिव्हिटीला ३.१८ ने भागायचं, की हाताची सवय जशीच्या तशी चालते. मित्राने "माझा डीपीआय १६००" असं सांगितलं तर त्यावरून काहीच कळत नाही. पूर्ण गिरकीला किती सेंटिमीटर, हे विचारा. नेमबाजीच्या खेळांतले मुरलेले खेळाडू साधारण ३० ते ६० सेंटिमीटरच्या पट्ट्यात सापडतात. लांबचं लक्ष्य टिपताना बारीक हालचाल हवी असते, ती या पट्ट्यात मिळते. आणि मागे वळायचं असेल तर कोपरापासून हात फिरवावा लागतो.

आता हे ५२ सेंटिमीटर आणायचे कुठून? आपल्या घरांतलं कॉम्प्युटर टेबल आठवा. खाली सरकता ट्रे, त्यावर लांबलचक कीबोर्ड, आणि त्याच्या उजवीकडे उरलेली वीतभर जागा माऊससाठी. त्या जागेत कमी सेन्सिटिव्हिटीवर खेळणं शक्यच नाही. म्हणून पोरं डीपीआय वाढवतात, मग नेम थरथरतो, मग वाटतं की माऊस वाईट आहे आणि महागडा आणायला हवा. अशा घरात माझा सल्ला असा, की आधी कीबोर्ड-माऊस ट्रेवरून उचलून टेबलावर घ्या, मॉनिटर मागे सरकवा, जमलं तर उजवीकडचा आकड्यांचा भाग नसलेला आखूड कीबोर्ड वापरा, आणि ४०-४५ सेंटिमीटर रुंदीचा कापडी पॅड अंथरा. पैसे उरले तर माऊस.

आकड्यांचं हे वेड अगदी बिनबुडाचं होतं असं मात्र नाही. एके काळी सेन्सर हीच खरी अडचण होती. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये पहिला माऊस बनवला, तो लाकडी ठोकळा होता. खाली एकमेकांना काटकोनात बसवलेली दोन धातूची चाकं होती, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत तो जाहीरपणे दाखवला गेला. पुढे चाकांच्या जागी गोळा आला. तो गोळा आणि त्याच्या रुळांवर बसणारी काळी मळी, हे मुंबई-पुण्यातल्या सायबर कॅफेत वाढलेल्या पिढीला सांगायला नको. तासाचे पैसे भरायचे, आणि त्यातली पहिली काही मिनिटं नखाने रूळ खरवडण्यात घालवायची. काही कॅफेवाले गोळा चोरीला जाऊ नये म्हणून खालची चकती चिकटपट्टीने बंद करून टाकत, मग तेही करता येत नसे.

१९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटेलिमाऊस एक्सप्लोरर आणला आणि प्रकाशावर चालणारा माऊस घरोघरी जाऊ लागला. याच्या पोटात एक चिमुकला कॅमेरा असतो. दिव्याचा प्रकाश तिरपा पाडून तो खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो फोटो काढतो. फोटो अगदी ओबडधोबड, उभे-आडवे दोन-तीन डझन ठिपके. शेजारच्या दोन फोटोंत तोच खडबडीतपणा किती सरकला, हे आतली चिप ताडते, आणि तेवढी पावलं संगणकाला कळवते. साध्या काचेवर असा माऊस अडखळतो, कारण ताडून बघायला काही खुणाच नसतात.

सुरुवातीच्या अशा माऊसना जोराचा झटका सोसत नसे. दोन फोटोंच्या मधल्या काळात पृष्ठभाग इतका सरकायचा, की चिपला ओळखीचं काहीच सापडत नसे, आणि खेळातली नजर एकदम आभाळाला किंवा जमिनीला भिडायची. मग लेझर आला, त्याचे आकडे आणखी फुगले. पण कापडी पॅडवर लेझर धाग्यांच्या आतपर्यंत पाहतो, त्यामुळे हळू आणि जलद हालचालीत मोजणी वेगवेगळी यायची, आणि गंभीर खेळाडू पुन्हा साध्या प्रकाशाकडे वळले. २०१४ मध्ये लॉजिटेकच्या जी-५०२ मध्ये तैवानच्या पिक्सआर्ट कंपनीचा पीएमडब्ल्यू ३३६६ हा सेन्सर आला. त्याचाच भाऊबंद ३३६० पुढे इतर कंपन्यांनाही मिळू लागला. ३३६० सेकंदाला २५० इंच, म्हणजे सहा मीटरहून जास्त वेगापर्यंत हालचाल चुकवत नाही. माणसाने कितीही त्वेषाने हात फिरवला तरी टेबलावर सहसा तो वेग गाठला जात नाही.

माझ्या मते सेन्सरची गोष्ट तिथे संपली. त्यानंतरचे २६ हजार, ३० हजार हे त्याच संपलेल्या गोष्टीचे पुढचे भाग आहेत. आज नावाजलेल्या कंपनीचा दीड-दोन हजारांचा लॉजिटेक जी-१०२ सारखा माऊसही तुमच्या हाताइतका अचूक असतो. अडचण आहे ती पाचशे-सातशे रुपयांत सात रंगांचे दिवे आणि ७२०० डीपीआय देणाऱ्यांची. त्यांतल्या पुष्कळांत खरा सेन्सर बराच कमी क्षमतेचा असतो, आणि मधली पावलं गणिताने भरून आकडा वाढवलेला असतो. ओळखायला सोपी खूण आहे. सेन्सरचं नाव खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीत कुठेच दिलेलं नसेल तर तो माऊस ठेवून द्या.

सेन्सरचा शेजारी असलेला दुसरा आकडा म्हणजे पोलिंग रेट, माऊस सेकंदाला किती वेळा संगणकाला खबर देतो तो. साधा यूएसबी माऊस १२५ वेळा, म्हणजे दर आठ मिलिसेकंदांनी. गेमिंग माऊस १००० वेळा, दर मिलिसेकंदाला. हा फरक खरा आहे, चांगल्या पडद्यावर तो हाताला जाणवतो. आता ८००० वेळा खबर देणारे माऊस आले आहेत. त्यांनी जास्तीत जास्त ०.८७५ मिलिसेकंद वाचतो. घरातला ६० हर्ट्झचा मॉनिटर एक चित्र पुसून दुसरं काढायलाच साडेसोळा मिलिसेकंदांहून जास्त घेतो, १४४ हर्ट्झचा सात घेतो. डोळ्याने पाहून बोटाने दाबायला तुम्हाआम्हाला दोनशे-अडीचशे लागतात. शिवाय ८००० खबरींचा भार प्रोसेसरवर पडतो आणि जुन्या मशीनवर खेळच अडखळू शकतो. ज्याच्याकडे ६० हर्ट्झचा मॉनिटर आहे त्याने ८००० चा माऊस घेणं ही शुद्ध उधळपट्टी आहे.

मग पैसे कशासाठी द्यायचे? याचं उत्तर खेळाच्या बाजाराबाहेर, एका जुन्या प्रयोगात आहे. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये एक नियम मांडला. हात एखाद्या लक्ष्यापर्यंत न्यायला लागणारा वेळ लक्ष्याचं अंतर आणि त्याची रुंदी यांच्या गुणोत्तरावर ठरतो. १९७८ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रातले स्टुअर्ट कार्ड आणि त्यांचे सहकारी, त्यांत तेच बिल इंग्लिश, यांनी माऊस, जॉयस्टिक आणि बाणांच्या कळा यांची तुलना या नियमाने केली. माऊस सर्वांत जलद ठरला. त्याहून मोलाचा निष्कर्ष असा होता, की माऊसचा वेग उघड्या हाताच्या स्वतःच्या मर्यादेला जवळजवळ भिडलेला होता. म्हणजे हाताला मागे ओढील असं या साधनात फारसं काही उरलेलंच नव्हतं. जो काही फरक पडायचा तो साधन हातात किती नीट बसतं, यावरच.

म्हणून आधी हात मोजा. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टी ठेवा. १७ सेंटिमीटरच्या आत असेल तर हात लहान, १७ ते १९-२० मध्यम, त्यापुढे मोठा. माऊसची लांबी हाताच्या साठ टक्क्यांच्या आसपास असावी, असा एक ढोबळ हिशेब आहे. साडेअठराचा हात असेल तर अकरा सेंटिमीटरच्या जवळपासचा माऊस. तो हिशेब आंधळेपणाने पाळू नका, कारण पकड बदलली की तोही बदलतो.

पकडी तीन. अख्खा तळवा माऊसवर टेकवणारे, बोटं नखांसारखी वाकवून तळव्याचा फक्त मागचा भाग टेकवणारे, आणि केवळ बोटांच्या टोकांनी धरणारे. पहिल्यांना लांब, पाठीवर भरीव उंचवटा असलेला माऊस लागतो. २००६ पासून निघत असलेला रेझरचा डेथॲडर याच वळणाचा, सुमारे पावणेतेरा सेंटिमीटर लांब. लहान हाताच्या मुलाने तो घेतला तर बोटं कळांच्या टोकापर्यंत पोहोचतच नाहीत. तिसऱ्या गटाला आखूड, बुटका आणि हलका माऊस हवा. तुमची पकड कोणती, ते आरशासमोर ठरवू नका. खेळात अटीतटीचा प्रसंग आला की हात आपोआप जसा होतो, ती तुमची पकड. चप्पल घेताना आपण पाय घालून दोन पावलं चालून बघतो. माऊस मात्र खोक्यावरच्या चित्रावरून घेतो, हे मला कधी कळलेलं नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या गावच्या कॉम्प्युटरच्या दुकानात काचेमागचा नमुना मागून घ्या आणि पाच मिनिटं हातात धरा. करंगळी आणि अनामिका कुठे जातात तिकडे लक्ष द्या. त्या टेबलावर घासत असतील किंवा एकमेकींवर चढत असतील, तर तो माऊस तासाभराने नकोसा होणार.

डावखुऱ्यांची इथे खरीच परवड आहे. दोन्ही बाजूंनी सारखे दिसणारे माऊस बरेच मिळतात, पण बाजूच्या दोन कळा बहुतेकदा फक्त उजव्या हाताच्या अंगठ्यासाठी असतात. खास डाव्या हातासाठी घडवलेले माऊस निघालेत, मात्र ते मोजकेच आणि दुकानात क्वचितच. अशा खेळाडूने निवडीची सुरुवातच या कळांपासून करावी.

वजनाच्या बाबतीत तर बाजाराने दहा वर्षांच्या आत तोंड फिरवलं. २०१४ चा जी-५०२ १२१ ग्रॅमचा होता, आणि तेवढ्याने भागत नाही म्हणून खोक्यात ३.६ ग्रॅमची पाच वजनं वेगळी मिळायची. जड म्हणजे भारदस्त, असा तेव्हाचा समज. २०१८ च्या सुमारास पोळ्यासारखी भोकं पाडलेले हलके माऊस गाजू लागले, आणि २०२० मध्ये लॉजिटेकचा जी प्रो एक्स सुपरलाइट भोकांशिवाय, आणि वायरलेस असून, ६३ ग्रॅमच्या आत आला. आता पन्नाशीच्या आसपासचे सहज मिळतात. यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. कमी सेन्सिटिव्हिटीवर खेळताना माऊस सतत उचलायचा, ढकलायचा आणि नेमका थांबवायचा असतो, आणि थांबवताना प्रत्येक जादा ग्रॅम हाताला पुढे ओढतो. ६० ते ८५ ग्रॅममध्ये बहुतेकांचं छान भागतं. त्याखालच्या दर पाच ग्रॅमसाठी हजारो रुपये मोजणं ज्याच्या खिशाला परवडतं त्याने खुशाल मोजावेत.

वायरलेसची भीती आता सोडायला हरकत नाही, मात्र ब्लूटूथवर खेळू नका. त्यात खबरी कमी वेळा जातात. माऊससोबत येणारा छोटा यूएसबी रिसीव्हर वापरा, आणि तो कॅबिनेटच्या मागे खोचून ठेवू नका. यूएसबी ३ च्या जोडण्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात, हे इंटेलने २०१२ मध्येच प्रसिद्ध केलं होतं, आणि माऊसचा रेडिओ त्याच पट्ट्यात बोलतो. एक्स्टेन्शन वायर लावून रिसीव्हर पॅडच्या शेजारी आणला की निम्म्या तक्रारी मिटतात. तीन हजारांच्या आसपास मिळणारा जी-३०४ आपल्याकडे बराच खपतो. साध्या पेन्सिल सेलसह तो ९९ ग्रॅमचा होतो. साध्या अल्कलाइन सेलऐवजी लिथियमचा सेल घातला तर सात-आठ ग्रॅम कमी होतात, बारीक सेल आणि अडॅप्टर घातला तर आणखी थोडे.

कळांचा आणि आपल्या हवेचा संबंध मात्र कोणत्याही खोक्यावर छापलेला नसतो. डाव्या कळेखाली धातूची एक पातळ पट्टी असते. दाबली की ती खालच्या टोकाला टेकते, पण टेकताना अगदी सूक्ष्म उसळ्या मारते. त्या उसळ्या वेगळ्या क्लिक म्हणून मोजल्या जाऊ नयेत, यासाठी माऊस काही मिलिसेकंद थांबतो. पट्टी झिजली, तिच्यावर गंज किंवा मळ धरला, की उसळ्या लांबतात आणि एका दाबाचे दोन क्लिक होऊ लागतात. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्याचे चार महिने हवेतला दमटपणा या पट्टीला सुखाने राहू देत नाही. प्रकाशाच्या अडथळ्यावर चालणाऱ्या कळांत ही उसळीच नसते, म्हणून किनाऱ्यालगत राहणाऱ्याने त्यांचा विचार जरूर करावा. साध्या कळाही टाकाऊ नसतात. सोल्डरिंग येणारा दुरुस्तीवाला नवा स्विच बसवून देतो. फक्त वॉरंटी संपेपर्यंत माऊस उघडू नका आणि बिल जपून ठेवा.

याच हवेचा दुसरा बळी म्हणजे रबरी मुलामा. दुकानात हाताला मऊ लागणारा हा थर घाम आणि ओलावा पिऊन दोन-तीन वर्षांत चिकट होतो, मग त्यावर धूळ बसते आणि कितीही पुसलं तरी जात नाही. आपल्याकडे खरखरीत, कोरड्या प्लॅस्टिकचा माऊस घ्यावा. कापडी पॅडही पावसाळ्यात ओलावा धरतो आणि जड चालतो. पंख्याखाली वाळवायचा, अधूनमधून साबणाच्या पाण्याने धुवायचा.

खेळ कोणता, हे मी मुद्दाम इतक्या उशिरा विचारतो आहे. नेमबाजीचा खेळ असेल तर वरचं सगळं लागू आहे, आणि अंगठ्यापाशी दोन कळा पुरेत. डोटा किंवा लीग ऑफ लेजंड्ससारख्या खेळांत बाण वरून फिरतो, क्लिकचा पाऊस पडतो. तिथे वजनापेक्षा कळ किती हलकी दबते ते पाहा. शेकडो मंत्र-शस्त्रं हाताळायला लावणारे मोठे ऑनलाइन खेळ खेळणाऱ्यांसाठी बाजूला बारा कळांची जाळी असलेले माऊस असतात. ते इतरांनी घेतले तर ऐन लढाईत अंगठा भलत्याच कळेवर पडतो. बीजीएमआय फोनवर खेळणाऱ्याला तर यातलं काहीच नको.

माऊस घरी आणल्यावर विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन'ची खूण काढून टाका. नाव अचूकतेचं असलं तरी ती सोय हाताच्या वेगानुसार बाणाचं अंतर बदलते, आणि हाताला सवय लागायची तर तेच अंतर दरवेळी तेवढंच असायला हवं. ८०० डीपीआय, १००० पोलिंग, पूर्ण गिरकीला ४०-४५ सेंटिमीटर, इथून सुरुवात करा. पहिल्या आठवड्यात हराल आणि आकडे बदलायचा मोह होईल. निदान महिनाभर त्यांना हात लावू नका.